तोमार्झाची गाय आणि गुरुवारचं पिस्तूल

अमेरिकेतल्या रसीन गावातलं बोलिंगचं दालन बंद पडलं, तेव्हा सगळ्यात मोठा धक्का बसला तो दर गुरुवारी तिथे जमणाऱ्या बायकांना. वर्षानुवर्षं त्या एकाच रंगाचे सदरे घालून चेंडू घरंगळवत होत्या, नवऱ्यांची उणीदुणी काढत होत्या आणि बिअर पीत होत्या. आता तिथे लोकांची जुनी कपाटं ठेवायचं गोदाम झालं. त्यांची पुढारी डोलोरेस. धिप्पाड बाई, पोलिश घरातली, कुणाचं ऐकून घ्यायची सवय नाही. तिनं ठरवून टाकलं की चेंडू गेला तरी गुरुवार जाता कामा नये. गावाबाहेरच्या नेमबाजीच्या क्लबात शेगडी चांगली होती, बिअर स्वस्त होती आणि गुरुवारी संध्याकाळी काळं कुत्रं फिरकत नव्हतं. झालं. सगळं मंडळ सदऱ्यांसकट तिकडे हललं.

त्यांच्यातल्या अराक्सी डेमिरजियननं त्याआधी जन्मात पिस्तूल धरलं नव्हतं. शाळेच्या मुदपाकखान्यात पोरांना वाढण्यात तिची उमेदीची वर्षं गेली होती. बोटं संधिवातानं वाकलेली, गुडघे कुरकुरणारे. डोलोरेसनं आपलं पिस्तूल तिच्या हातात दिलं, कसं उभं राहायचं ते सांगितलं, आणि अराक्सीनं कागदावरच्या काळ्या ठिपक्याचा मधोमध कोथळा काढला. सगळ्यांना वाटलं, नशीब. पुढच्या गुरुवारी तेच झालं. त्याच्या पुढच्याही. महिनाभर स्वतःच्याच पिस्तुलानं हरल्यावर डोलोरेस एकदा गाडीपाशी तिला गोड आवाजात म्हणाली, की अराक्सी, आता तू तुझं स्वतःचं घे बाई. मैत्री टिकवायची असेल तर.

तर पिस्तूल घ्यायचं ठरलं. पण त्याच हिवाळ्यात घर तापवायची भट्टी बंद पडली होती आणि तिच्या दुरुस्तीत बरीच पुंजी गेली होती, त्यामुळे जे काय घ्यायचं ते साडेतीनशे डॉलरच्या आत. नवरा निशान तिच्याबरोबर दुकानात आला. तो आयुष्यभर ओतशाळेत राबलेला, कामगार संघटनेचा कट्टर माणूस. कुठल्याही लोखंडी वस्तूवर टिचकी मारून तिची जात सांगायचा.

दुकान लोवेल योर्गेनसेनचं. त्यानं काचेवर हिरवं फडकं पसरलं आणि एकेक पिस्तूल काढून मांडायला सुरुवात केली, जसे शालू दाखवतात तसं. पहिलं चांगल्या अमेरिकी घराण्यातलं होतं. किंमत ऐकून अराक्सीनं ते लगेच परत ठेवलं. दुसरं अमेरिकीच, पण स्वस्त. निशाननं कंपनीचं नाव वाचलं आणि त्याचा चेहरा बदलला. ही कंपनी उत्तरेतला कारखाना एका रात्रीत बंद करून दक्षिणेत पळाली होती, तिथे मजुरी कमी आणि संघटना नाही म्हणून. सातशे माणसं रस्त्यावर. तिचा एक खिळा आपल्या घरात येणार नाही, असं त्यानं सांगून टाकलं. तिसरं फिलिपिन्सचं, नीती चोख असेलही, पण वजनानं अराक्सीचं मनगटच लोंबकळलं. चौथं ब्राझीलचं. त्या कारखान्याबद्दल अराक्सीनं फोनवर वाचलं होतं, की तो कुठल्याशा हुकूमशहाच्या पोलिसांना माल पुरवतो.

लोवेलनं एक उसासा टाकला, पण रागानं नव्हे. असली गिऱ्हाइकं त्याला नवी नव्हती. एकाला ऑस्ट्रियाचं चालत नाही, कारण त्याचे आजोबा युद्धात पडले. एकाला झेक चालत नाही, कारण पहिली बायको झेक. "मिसेस डेमिरजियन," तो म्हणाला, "प्रत्येकाच्या आजोबांचं ऐकत बसलो तर माझ्या दुकानात नुसती गलोल उरेल."

मग त्यानं पाचवं काढलं. अराक्सीनं ते उचललं, आणि तिच्या वाकड्या बोटांना पहिल्यांदाच कुणीतरी जागा करून दिल्यासारखं वाटलं. गोळी चढवायला पिस्तुलाचा वरचा भाग मागे खेचावा लागतो. बाकीच्यांचा खेचताना तिच्या डोळ्यांत पाणी यायचं, याचा लोण्यात सुरी जावी तसा मागे आला. किंमत तीनशे एकोणचाळीस. निशाननं टिचकी मारली, कान लावला आणि नाइलाजानं मान डोलावली. अराक्सीनं ते उलटं केलं, चष्मा सावरला आणि बाजूला कोरलेलं देशाचं नाव वाचलं.

तिनं ते फडक्यावर ठेवलं. निशाननं वाकून वाचलं आणि तो टोपी घालून बाहेर गाडीत जाऊन बसला.

तुर्कस्तानचं होतं.

लोवेलला काही उलगडेना. मग त्याची नजर समोरच्या बाईच्या आडनावाच्या शेवटच्या, आर्मेनियन 'यन'वर गेली असावी, कारण तो एकदम कानापर्यंत लाल झाला आणि पिस्तूल घाईघाईनं फडक्याखाली झाकू लागला.

रात्री जेवायला बसल्यावर निशान बोलला. म्हणाला, त्या देशाला या घरातून एक पैसा जाणार नाही. अराक्सीलाही ते मनोमन पटत होतं. तुर्कांनी आर्मेनियनांची कत्तल केली तेव्हा तिच्याही आजीच्या भावंडांतलं कुणी वाचलं नव्हतं. पण पटणं वेगळं आणि त्या मुठीची आठवण वेगळी. रस्साभात वाढतानाही तिचा तळवा ती मूठ शोधत होता. मग तिच्यातली भांडखोर बाई जागी झाली. तिनं विचारलं की तुझी आई रोज दुपारी दोन तास कुठल्या देशाची मालिका बघते?

"तिचं वय झालंय," निशान म्हणाला.

"आणि आपलं आडनाव? डेमिरजी म्हणजे लोहार, तेही त्यांच्याच भाषेत."

"आडनाव मी दुकानातनं आणलेलं नाही."

निशान जिंकला, पण त्याला जेवण गेलं नाही.

रविवारी तिनं चर्चमध्ये देर हायरना गाठलं. पाद्रीबुवा तरुण होते आणि त्यांना अवघड प्रश्नांपेक्षा बाप्तिस्मे आवडायचे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, दाढी कुरवाळली, आणि सांगितलं की पिस्तूल कुठून घ्यावं याबद्दल धर्मसभेनं काही ठरवून ठेवल्याचं त्यांना आठवत नाही. मग इकडेतिकडे बघून हळूच तिला चर्चच्या स्वयंपाकघरात नेलं. फळीवर सुक्या जर्दाळूंच्या बरण्या ओळीनं मांडलेल्या होत्या. हे जर्दाळू कुठून येतात, त्यांनी विचारलं. अराक्सी म्हणाली, ठोक व्यापाऱ्याकडून. आणि त्याच्याकडे कुठून येतात? अराक्सीनं एक बरणी फिरवून पाहिली. देर हायर म्हणाले, "खोकी मी स्वतः मागच्या दारी नेऊन फाडतो. वर्षातून चार वेळा. मग आम्ही ते बरणीत ओततो, आणि बरणीवर काही लिहिलेलं नसतं."

घरी येताना तिनं मनात बराच प्रयत्न करून पाहिला, पण पिस्तूल काही बरणीत मावेना.

या सगळ्यात जिला कुणीच काही विचारलं नव्हतं, ती म्हणजे निशानची आई येस्तेर. चौऱ्याण्णव वर्षांची. अराक्सी तिला आर्मेनियन रिवाजानं मायरिग, म्हणजे आई, म्हणायची. मायरिग दिवसभर खिडकीजवळच्या खुर्चीत असायची, निम्मं ऐकू येत नाही असं सांगायची आणि भिंतीपलीकडचं सगळं ऐकायची. तिचे आईबाप तुर्कस्तानातल्या तोमार्झा गावाहून इथे आलेले. तिकडचे आर्मेनियन घरातसुद्धा तुर्कीच बोलत. त्यामुळे मायरिग प्रार्थना आर्मेनियनमध्ये करायची, हिशोब इंग्रजीत, आणि शिव्या मात्र अस्सल तुर्कीत द्यायची.

एका दुपारी मालिकेत जाहिराती लागल्या तेव्हा तिनं आवाज बंद केला आणि दोघांना समोर बसवलं.

"तुम्हाला गाईचं माहीत आहे का?" तिनं विचारलं.

निशानला माहीत होतं. पणजोबांची एक गाय होती आणि ती गेली, एवढंच लहानपणापासून ऐकलेलं.

"गेली म्हणजे मेली नव्हे," मायरिग म्हणाली. आणि तिनं सांगितलं, ते असं. तिच्या आईचे वडील खेचरांना नाल ठोकायचे. एकोणीसशे पंधराच्या वसंतात तुर्की शिपाई गावात आले आणि म्हणाले, आर्मेनियनांनी आपापली हत्यारं जमा करायची. यांच्याकडे हातोडा सोडून हत्यार नव्हतं. नाही म्हटलं तर शिपाई म्हणत, लपवलंय, आणि तळपायावर काठ्या पडत. शेवटी शेजारच्या तुर्काकडे एक गंजकं पिस्तूल होतं, ते यांनी त्याच्याकडून विकत घेतलं. गाय देऊन. घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शिपायांच्या हवाली केलं. एक रात्र ते घरात होतं. उन्हाळ्यात सगळ्या गावालाच रस्त्याला लावलं. नाल ठोकणारे त्या वाटेवरच राहिले.

टीव्हीवर कुणीतरी मुकाट्यानं साबण विकत होतं.

"चांगली दुभती गाय होती," ती म्हणाली. "तिचं पिस्तूल आपल्याला कुणी वापरू दिलं नाही. आता अराक्सीला वापरू दे." आणि जाहिराती संपल्या म्हणून तिनं आवाज पुन्हा सुरू केला.

निशान उठला, कोट घातला आणि सकाळीच साफ केलेल्या अंगणातलं बर्फ पुन्हा साफ करायला गेला. अराक्सी खिडकीतून त्याच्याकडे बघत बसली. परवानगी मिळाली तर आनंद व्हायला हवा होता, पण तिला वाटत होतं, यापेक्षा निशानची बंदी सोपी होती. बंदी मोडता येते. असली परवानगी पेलायची कशी? त्या रात्री तिनं पिस्तुलाचा नाद सोडून विणकाम धरायचं ठरवलं. सकाळी उठून पाहते तर मायरिग कोट, टोपी आणि ठेवणीतले बूट घालून दाराशी तयार.

दुकानात मायरिगनं आपली चालायची गाडी थेट लोवेलच्या काचेला नेऊन भिडवली आणि ते पिस्तूल मागितलं. धरून पाहिलं नाही. आधी खोक्यातली माहितीपुस्तिका काढली. एका बाजूला इंग्रजी, दुसऱ्या बाजूला तुर्की. तिनं तुर्की मोठ्यानं वाचायला घेतली, आणि दुकानातले दोन शिकारी आपली कामं सोडून ऐकत राहिले. अर्ध्या पानावर ती थबकली.

"हे कसलं तुर्की? निम्मे शब्द कुणीतरी परवा बनवलेत," ती लोवेलला म्हणाली, जणू ते त्यानंच बनवले होते. "माझ्या आईनं असली भाषा ऐकली असती तर कान धुतले असते."

लोवेलनं नम्रपणे माफी मागितली. मग तिनं भाव विचारला. त्यानं सांगितला. तिनं हसून मान हलवली आणि नवा, तिच्या मते रास्त, भाव सांगितला. लोवेल म्हणाला, आमच्याकडे किंमत लिहिलेली असते. तिनं ती पट्टी नखानं खरवडून काढली आणि म्हणाली, "आता नाही." पुढे जे झालं त्यात लोवेलचं काही चाललं नाही. रक्कम तीच राहिली, पण गोळ्यांच्या दोन पेट्या, कानावरची टोपणं आणि साफसफाईचं तेल त्याला फुकट द्यावं लागलं. कायद्यानं करायची ती फोनवरची चौकशी झाली आणि अराक्सी तुर्कस्तानी पिस्तुलाची मालकीण झाली. गाडीत बसल्यावर तिला रडू आलं. मायरिगनं विचारलं, कशाला? तिला सांगता आलं नाही. मायरिगनं तिच्या मांडीवर थोपटलं आणि वाटेत बेकरीपाशी थांबायला लावलं, क्रिंगल नावाचा बदामाचा गोड पाव घेतला.

निशाननं एवढंच सांगितलं की घरात नाही. म्हणून पिस्तूल गराजमध्ये राहू लागलं, बर्फ उडवायच्या यंत्राच्या मागे, कुलपाच्या पेटीत. पण अराक्सीला साफसफाईचा कंटाळा. दोन गुरुवार झाले तरी नळी तशीच काळी, आणि तेलाची बाटली न उघडलेली. ओतशाळेतल्या माणसाला हे बघवेना. एके दिवशी ती कचरा टाकायला गेली तर निशान बाकावर फडकं पसरून, चष्मा नाकावर घेऊन, सगळे सुटे भाग ओळीनं मांडून बसलेला. तिला बघून तो दचकला. मग म्हणाला, ओतकाम बरं आहे. घाईचं नाही. कुणीतरी कानस मन लावून फिरवली आहे. हे सांगताना त्याला जरा त्रास झाला, पण खोटं बोलणं त्याच्या धंद्यात बसत नव्हतं.

"कोण असेल?" अराक्सी म्हणाली.

"कामगार," निशान म्हणाला, आणि स्प्रिंग जागेवर बसवू लागला. "संघटना असेल का तिथे, कोण जाणे."

मार्चमधल्या एका गुरुवारी रस्त्यावर काचेसारखा बर्फ होता, म्हणून तो तिला क्लबात सोडायला गेला. आत येणार नव्हता. पण गाडीत थंडी होती, म्हणून आला. नेमबाजीच्या जागेत जाणार नव्हता. बिअर घेऊन काचेअलीकडे बसला. डोलोरेस शेजारी येऊन बसली आणि तिनं कौतुकानं सांगितलं, की बघ, तुझी बायको आम्हाला कशी धूळ चारते. निशान बघत राहिला. अराक्सी पाय रोवून उभी, खांदे सैल, तोंडात लिमलेटची गोळी चघळत असल्यासारखी निवांत. कागदाच्या मधोमध एकेक भोक पडत होतं. त्यानं आपल्या बायकोला स्वयंपाकघराबाहेर इतकं निवांत कधी पाहिलं नव्हतं.

"डावं कोपर खाली पडतंय तिचं," तो अखेर म्हणाला.

डोलोरेसनं त्याला बजावलं की मध्ये बोलू नकोस. पण त्याला राहवेना. डाव संपायच्या आधी तो कानावर टोपणं चढवून आत गेला, तिच्या मागे उभा राहिला आणि दोन बोटांनी तिचं कोपर वर उचललं. अराक्सीनं पिस्तूल खाली ठेवलं, वळली, आणि शाळेतल्या दंगेखोर पोरांसाठी राखलेल्या आवाजात त्याला गाडीत जाऊन बसायला सांगितलं. तो गेला नाही. ती चुकली. पुढचीही चुकली.

त्या गुरुवारी अराक्सी तिसरी आली, डोलोरेस त्या हिवाळ्यात पहिल्यांदाच जिंकली, आणि नवरा-बायको घरी पोचेपर्यंत कोपरावरून भांडत होते.