बोटभर फट

गुरुदास मेस्त्र्यांना फट खपत नसे. दुसऱ्याच्या घरी जेवायला बसले तरी आधी पाटाचा सांधा बघायचे, मग पानाकडे वळायचे. आता माणसानं अख्खी उमर होड्या बांधण्यात घालवली म्हणजे दुसरं काय होणार? होडीला फट म्हणजे समुद्र आत. सर्जेकोटच्या बंदरात एके काळी त्यांच्या हातच्या अकरा होड्या होत्या आणि एकीनंही कधी पाणी घेतलं नाही. हे ते स्वतःहून सांगत नसत; पण कुणी सांगायला लागलं तर थांबवतही नसत.

मग फायबरच्या होड्या आल्या. साच्यातून काढल्या, रंग फासला, लोटल्या पाण्यात. मेस्त्र्यांनी वाकस, रंधा, पटाशी, गिरमिट, सगळं तेल लावून गोणपाटात बांधलं आणि माळ्यावर टाकलं. त्याला बारा वर्षं झाली. तेव्हापासून त्यांचा कार्यक्रम एकच: पडवीत बसायचं, जाणाऱ्या-येणाऱ्याला नावं ठेवायची आणि बायकोकडे, रुक्मिणीकडे, दिवसातून चार वेळा चहा मागायचा.

त्यांची एकुलती लेक अनुजा पुण्याला कामाला. काम काय, तर समुद्र बनवायचा. जाहिरातीत आणि सिनेमात ज्या लाटा दिसतात ना, त्या म्हणे पुष्कळदा खऱ्या नसतातच. आपल्या अनुजासारखी पोरं त्या कॉम्प्युटरवर घडवतात. दारात खरा समुद्र सोडून पोरगी पुण्यात बसून खोटा समुद्र करते, याचं मेस्त्र्यांना इतकं हसू यायचं की विचारू नका. पण मार्चमध्ये ती आली ती वेगळंच घेऊन. कंपनीनं सांगितलं होतं, घरून काम करून दाखव. एक मोठं काम मे महिन्याच्या पहिल्या सोमवारी सकाळपर्यंत पोचलं, तर पुढेही खुशाल गावातच राहा. नाही पोचलं, तर पुण्याला परत.

रुक्मिणीनं हे ऐकलं आणि देवाला नारळ बोलली. मेस्त्र्यांनी त्या दिवशी कुणालाच नावं ठेवली नाहीत.

कामासाठी मोठा कॉम्प्युटर हवा होता. त्याचे भाग अनुजानं मागवले. राहिलं ते कॅबिनेट, म्हणजे हे सगळं ज्यात बसतं ती पेटी. "बाबांनू, पत्र्याचा हयच्या खाऱ्या वाऱ्यान गंजतला," ती म्हणाली. "फणसाच्या लाकडाचा तुमीच करून द्या."

मेस्त्री जेवण अर्धं टाकून माळ्यावर चढले.

आठवडाभर घरात रंध्याचा आवाज. फणसाची पिवळी धमक फळी, तिच्यातल्या तांबूस रेषा वरून खाली वाहत आलेल्या. फक्त एका ठिकाणी मेस्त्र्यांचं मन खट्टू झालं. अनुजाच्या कागदावर पुढची फळी चारी बाजूंनी सुटी दाखवली होती, बोटभर जागा सोडून. "हयसर फट रवांदे," एवढंच ती म्हणाली. का, ते तिनं सांगितलं नाही आणि यांनी विचारलं नाही. विचारायचं कशाला? ज्याचा कारागिराच्या हातावर भरवसा नसतो तो अशी जागा सोडतो, एवढं त्यांना कळत होतं. पोरीनं बापाला चुकायला बोटभर जागा ठेवली होती. त्यांनी फट ठेवली, पण ती डोळ्यांत कुसळासारखी राहिली.

पेटी झाली, भाग बसले. सुरू करायच्या आधी मेस्त्र्यांनी रिवाजाप्रमाणे गाऱ्हाणं घातलं. नवं काम काढलं की देवापुढे उभं राहून ते मोठ्यानं सांगायचं आणि जमलेल्यांनी दर वाक्याला "होय म्हाराजा!" म्हणून रुकार द्यायचा, हे तिकडे होडी असो, दुकान असो, चुकत नाही. शेजारचा बाबू होता, रुक्मिणी होती. अनुजानं बटण दाबलं.

आणि मेस्त्री बघतच राहिले. काळ्या पडद्यावर एक लाट उगवायला लागली. एकदम नाही, चौकोन चौकोन करून, आधी फेस, मग फेसाखालचं हिरवं, मग हिरव्यातून आरपार आलेलं ऊन. "एक लाट करूक येका सात मिनटां लागतत," अनुजा म्हणाली. मेस्त्र्यांना वाटलं होतं, यंत्र म्हणजे फटाफट. हे तर त्यांच्यासारखंच होतं, एकेका कडेवर वेळ घालवणारं. त्यांनी नकळत टोपी काढून हातात घेतली.

आता त्या पेटीवर एकच गोष्ट विशोभित होती. फॅन कंट्रोलर. आतल्या पंख्यांचा वेग कमी-जास्त करायची पट्टी, दर्शनी भागावरच बसवायची: काळं प्लास्टिक, चार गोल बटणं, मधे लाल आकड्यात आतलं तापमान. फणसाच्या त्या पिवळ्या अंगावर ती अशी दिसायची, जणू पितांबर नेसलेल्या माणसानं पायात गमबूट घातलेत. रुक्मिणीलासुद्धा ते खटकलं, म्हणजे बघा.

एप्रिलच्या शेवटी अनुजाला दोन दिवस जिल्ह्याच्या गावी, ओरोसला जावं लागलं, कसल्याशा दाखल्यासाठी. जाताना तिनं यंत्र बंद केलं. ती एस्टीत बसली आणि मेस्त्र्यांनी पटाशी काढली.

त्याच फळीचा उरलेला तुकडा त्यांनी जपून ठेवला होता. तो पातळ तासून त्यांनी कंट्रोलरच्या तोंडावर असा बसवला, की वरून आलेली तांबूस रेष त्याच्यातून जाऊन खाली तशीच पुढे निघाली. आकड्यांपुरती खिडकी ठेवली. चार बटणं त्यांनी एका जुन्या वल्ह्याच्या मुठीतून घडवली. किती हातांनी ती मूठ घासून गुळगुळीत केली होती, देव जाणे.

इथं थांबले असते तर ही गोष्टच झाली नसती. पण हात एकदा लागला की थांबतो होय? त्या बोटभर फटीत त्यांनी फणसाच्या चिपा बसवल्या, सांध्यात राळेत भिजवलेली कापसाची वात ठासली, वरून रंधा फिरवला. बाजूच्या फळीचे स्क्रू काढून लाकडी खुंट्या ठोकल्या, कायमच्या. दिवेलागणीला पेटीच्या मागच्या मोठ्या भोकातून आत बॅटरी पेटवून ठेवली, भोकावर फडकं दाबलं आणि बाहेरून चहूबाजूंनी निरखलं. होडीची परीक्षा ते अशीच कंदील ठेवून घेत. उजेडाचा एक ठिपका बाहेर येईल तर शपथ.

"बारा वर्सांनी!" ते रुक्मिणीला म्हणाले. "हात अजून तसोच आसा गो!" त्यांचे डोळे भरून आले होते आणि त्यांनी ते पुसलेही नाहीत.

अनुजा परतली आणि दारातच थबकली. जवळ गेली, वाकली. रेषेवरून बोट फिरवत वरून खाली आली. "बाबांनू, सांदो खंय आसा?"

"शोध," मेस्त्री म्हणाले.

तिनं शोधला. नखानं शोधला, गाल फळीला टेकवून शोधला. नाही सापडला. कंट्रोलरचं एक बटण तिनं हळूच फिरवलं आणि ती तिथंच खाली बसून रडायला लागली. असं काही कुणी करू शकतं आणि तो आपला बाप आहे, हे त्या पोरीला सोसेना. मेस्त्री पडवीत गेले आणि उगीचच समुद्राकडे बघत राहिले. त्या संध्याकाळी सर्जेकोटात त्यांच्याइतका सुखी माणूस नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून यंत्र बंद पडायला लागलं.

लाट अर्धी झाली, की लाल आकडा चढायचा. नव्वद, चौऱ्याण्णव, शहाण्णव, आणि पडदा काळा ठिक्कर. अनुजानं चारही बटणं पुरती फिरवली. पंखे विहिरीवरच्या पंपासारखे किंचाळायला लागले, पण आकडा उतरेना. "वोल्टेज कमी आसा," ती म्हणाली. शुक्रवारी म्हणाली, "उष्मो किती झालो हा, तेच्यामुळे." शनिवारी तिनं टेबलफॅन आणून पेटीपुढे ठेवला. मेस्त्री वीजमंडळाला, वैशाखाला आणि कॉम्प्युटर बनवणाऱ्यांना आळीपाळीनं शिव्या देत होते. "शिरा पडो तेंच्यार," ते म्हणायचे, "आमची पेटी बघा, आणि तेंचा यंत्र बघा!" अनुजा मान खाली घालून ऐकायची.

रविवारी सकाळी ती आईला म्हणाली, "आये, उद्या पुण्याक जातंय. हय जमणा नाय." तिची बॅग दाराशी भरून ठेवलेली होती. रुक्मिणी चुलीपुढून उठलीच नाही.

मेस्त्री पूजा करत होते. पूजा झाली की उदबत्ती घरभर फिरवायची, दाराला, चुलीला, हत्यारांना. आणि हल्ली कॉम्प्युटरलाही. अनुजानं शेवटचा प्रयत्न म्हणून यंत्र लावलं होतं, पंखे जिवाच्या आकांतानं ओरडत होते. मेस्त्र्यांनी पेटीपुढे उदबत्ती धरली.

धूर सरळ वर गेला. दोरी सोडावी तसा.

ते थांबले. इतका आवाज, इतके पंखे, आणि धूर हलत नाही? त्यांनी उदबत्ती फळीच्या कडेकडेनं फिरवली, जिथं ती बोटभर फट होती तिथून. धूर सरळ. जन्मभर ज्यानं वारा बघून शीड बांधलं त्याला हे कुणी समजावून सांगायला नको होतं. वारा आत जातच नव्हता. जायला वाटच नव्हती. उदबत्तीची राख बोटावर पडली तरी त्यांनी हात हलवला नाही.

"अनुजा, ती फट कशाक होती?"

अनुजानं सरळ जाणाऱ्या धुराकडे बघितलं.

"तुका ठावक होता?"

"पैल्या दिसापासून," ती म्हणाली. "पण कसा सांगू, बाबांनू? बारा वर्सांनी तुमी वाकस हातात घेतल्यात. आणि असा काम माज्या जल्मात मी बघूक नाय. ता फोडा म्हणान मी सांगू?"

"म्हणान तू पुण्याक जावक निघालंस? माका बोलाच्या ऐवजी?" मेस्त्र्यांचा आवाज चढला आणि मधेच फाटला. राग पोरीचा आला होता, पण पोचेपर्यंत तो स्वतःवरच उलटला. शरम वाटली. चाळीस वर्षांत एका होडीत पाणी आलं नाही, आणि इथं लेकीच्या कामाचा श्वास आपण कोंडला, तोही तिनं आपल्यावर भरवसा ठेवला नाही या रागानं. आणि ती पोर आपला मान राहावा म्हणून घर सोडायला निघाली होती.

"यंत्र बंद कर," ते शेवटी म्हणाले. "फोडूक नको काय. गिरमिट हाड."

भुसा आत पडू नये म्हणून त्यांनी पेटी दोन स्टुलांवर तोंडघशी आडवी ठेवली आणि स्वतः खाली उताणे झोपले, होडीच्या तळाखाली झोपायचे तसे. गिरमिटाला दोरा गुंडाळून खूण केली, त्याच्या पुढे ते जाणार नाही, आतल्या पंख्याला लागणार नाही. टोक फळीला टेकवलं. आणि हात थिजला. भोकं बुजवणारा हात तो. आजवर त्यानं एकही भोक मोकळं सोडलं नव्हतं.

अनुजा शेजारी जमिनीवर आडवी झाली आणि मोबाइलचा उजेड धरला. गिरमिट फिरलं.

तांबूस रेषा जिथून जात होत्या त्यांच्यावरच त्यांनी बारीक बारीक भोकं पाडली, एकामागून एक, रेषेच्या वळणानं. पिवळा भुसा त्यांच्या छातीवर, मिशीवर पडत होता. दुपारचे दोन वाजले तेव्हा पेटी उभी केली. भोकं दिसतच नव्हती; रेषा जरा गडद झाल्या होत्या, एवढंच. अनुजानं तोंडावर हात ठेवला.

"लाव नको," मेस्त्री म्हणाले. "आधी गाऱ्हाणा."

बाबूला हाक मारली, रुक्मिणी आली. अंगावर भुसा तसाच घेऊन मेस्त्री हात जोडून उभे राहिले.

"बा देवा म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"ह्या चेडवान गावात रवान काम करूचा मनात आणल्यान हा, तेका यश दी म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"ह्या मेस्त्र्यान गर्वापायी येचो वारो कोंडल्यान. चूक मेस्त्र्याची आसा, तेच्या पदरात घाल, चेडवाच्या नको म्हाराजा!"

बाबूनं तोंड उघडलं, पण त्याच्या आधी अनुजा ओरडली, "नाय म्हाराजा!"

सगळे गार. गाऱ्हाण्याला नाही म्हटलेलं सर्जेकोटात आजवर कुणी ऐकलं नव्हतं. "अगो, असा म्हणूचा नसता," बाबू पुटपुटला. "चूक माजी पण आसा," अनुजा रडत म्हणाली. "मी बोलाक नाय. अर्धी माज्या पदरात घाल म्हाराजा!" आता यावर काय म्हणायचं ते बाबूला कळेना. शेवटी रुक्मिणीनंच खणखणीत आवाजात "होय म्हाराजा!" म्हटलं आणि प्रकरण मिटवलं.

यंत्र लागलं. मेस्त्र्यांनी नवी उदबत्ती पेटवून फळीपुढे धरली. धूर जरा वर गेला, मग थबकला, मग वाकला आणि त्या रेषांमधून आत ओढला गेला. अनुजानं वल्ह्याच्या मुठीचं बटण कमी केलं, तो सावकाश आत गेला. वाढवलं, सर्रकन गेला. मेस्त्र्यांनी पाठीमागे तळहात धरला. ऊन वारा. जिवंत माणसाच्या नाकाशी हात धरल्यासारखा. लाल आकडा चौसष्टावर येऊन बसला आणि तिथून हलला नाही. पडद्यावर लाट उगवत होती, फेस, हिरवं, ऊन, आणि तिच्या मागे दुसरी.

सोमवारी सकाळी नऊच्या आधी काम पुण्याला पोचलं. दाराशी ठेवलेली बॅग रुक्मिणीनं माळ्यावर टाकली, जिथं गोणपाटातली हत्यारं असायची. ती जागा आता मोकळीच होती.

हल्ली कुणी विचारलं, मेस्त्रीनू, तुमच्या हातच्या होड्या किती, तर ते बारा सांगतात. आणि बाराव्या होडीला भोकं आहेत, हे ते स्वतःहून सांगतात.