हाक कुणाची

हाकवालीला सकाळपासून तिसऱ्यांदा विचारून झालं, आणि तिसऱ्यांदा तिनं वेगळंच उत्तर दिलं.

पहिल्यांदा म्हणाली, "गळा माझाच. शंका कसली त्यात?" मग एकदा ऐकलं आणि म्हणाली, "नाही गं, हा तर धाकटीचा." आणि आता चहावर साय धरली तरी कप तसाच हातात धरून ती म्हणाली, "मला तर ही कुणी तिसरीच वाटतेय."

"मावशी!" भाचीनं कपाळावर हात मारला. "दोघीच होतात ना तुम्ही? तिसरी कुठून काढलीस आता?"

समोरच्या खुर्चीत जुन्या चित्रपटांच्या संग्रहातला माणूस बसला होता, चेहऱ्यावर परीक्षेच्या हॉलमधल्या मास्तरांची सहनशीलता घेऊन. हाकवालीचा पहिला गाजलेला चित्रपट पंचेचाळीस वर्षं हरवला होता. तो एका बंद पडलेल्या थिएटरच्या माळ्यावर सापडला, आणि त्याची व्हिडिओ कॅसेट करून हा घरी आला होता. शुक्रवारी खेळ होता. पत्रक संध्याकाळी छापायला जायचं होतं, आणि त्यात 'गायिका' या शब्दापुढची जागा रिकामी होती.

"बाई, एक नाव सांगा, म्हणजे मी सुटलो," तो म्हणाला.

तो सुटला असता. पण भाचीचं काय? भाची तीन वर्षांची असताना तिची आई, म्हणजे हाकवालीची धाकटी बहीण, तापानं गेली. मागे एक फोटो राहिला, दोन साड्या राहिल्या. आवाज काही राहिला नाही. तिची एकही तबकडी निघाली नव्हती, कारण ती कधी गायिका झालीच नाही. ती फक्त एकदा, एका दिवसापुरती, बहिणीच्या बदली गायली होती. मावशीनंच हे सांगितलेलं. तेव्हापासून भाची त्या चित्रपटाची वाट बघत होती. कॅसेटमधलं गाणं आईचं असेल तर चाळीस वर्षांनी आई बोलणार होती. नसेल तर आता कधीच नाही.

"आणि हे बघ मावशी," भाचीनं सकाळीच बजावलं होतं, "माझ्यावर दया म्हणून आईचं नाव सांगशील तर मला नको. मावशीच्या आवाजाला आई समजून रडत बसू का मी?"

म्हणून तर सगळा घोळ. खोटं सांगायची सोय नव्हती, आणि खरं काय ते ठाऊक नव्हतं.

झालं होतं असं. युद्धाचे दिवस. खिडक्यांना काळे कागद, रस्त्यावर दिवा नाही, आणि कच्ची फिल्म तोलूनमापून मिळायची. गाणं कॅमेऱ्यासमोरच गायचं, वाजवणारेही तिथंच, जे काय व्हायचं ते एका दमात. आणि नेमका त्याच दिवशी हाकवालीचा घसा बसला. तोंडातून शब्द फुटेना, नुसती हवा. दिग्दर्शक डोकं धरून बसला. तेव्हा शाल घेऊन सोबत आलेली धाकटी हळूच म्हणाली, "मी म्हणू का? ताईचा रियाज ऐकून ऐकून मला पाठ आहे." दोघींना एकाच आईनं शिकवलं होतं. श्वास कुठं घ्यायचा तेही एकाच ठिकाणी. धाकटी कॅमेऱ्याच्या नजरेआड राहून गायली, थोरलीनं ओठ हलवले.

*वाऱ्या रे भिरभिऱ्या, माझं एवढं काम कर*
*दूर गेल्याच्या उशाशी, माझी एक हाक धर*

पाचव्या दिवशी घसा सुटला. थोरलीनं हट्ट धरला, माझं गाणं मीच गाणार. दिग्दर्शक कुरकुरला, म्हणाला फिल्म काय झाडाला लागते? पण नायिका रुसली तर चित्रपटच बसेल, म्हणून त्यानं पुन्हा सगळं उभं केलं. म्हणजे गाण्याच्या दोन फिती झाल्या. चित्रपटात कुठली लावली? "बरी होती ती लावली," एवढंच तो हसून म्हणाला. तिनं पुढं विचारलं नाही. विचारायचं धाडस झालं नाही, हे जास्त खरं.

थिएटरात दोघी शेजारी बसल्या होत्या. गाणं संपलं, टाळ्या पडल्या, आणि धाकटीनं तिचा हात दाबला, "छान गायलीस हं ताई." झालं. तेवढ्यावर तिनं गाणं आपलं मानलं. लोकांनी नावच ठेवलं, हाकवाली. छावण्याछावण्यांतून सैनिकांपुढं ती ते गायली, तिथं तर तीच गायली, आणि मिशीवाले बाप्ये पोरांसारखे रडले. एकदा मागून कुणीतरी म्हणालं होतं, "सिनेमात जास्त गोड होतं." तिनं माईकला दोष दिला.

"पुन्हा लावू?" त्या माणसानं विचारलं.

"लाव बाबा. कान तरी किती वेळा फसतील?"

पुन्हा तेच. पहिली ओळ आली की वाटे, मी. दुसरीला वाटे, ती. आणि 'हाक' या शब्दावरची ती लांबच लांब तान आली, की आपण कोण, बहीण कोण, काहीच उमजेना. पाण्यात पाणी मिसळलेलं, वेगळं कसं काढायचं?

वैतागून ती म्हणाली, "तो आवाज बंद कर आधी."

"बाई, आवाजच तर ओळखायचाय!"

"कान गोंधळ घालतायत. बंद कर."

आवाज गेला. टीव्हीच्या पडद्यावर विशीतली पोर मुकी झाली. हाकवाली पुढं सरकली, चष्मा नाकावर दाबला. चेहऱ्याकडं तिनं बघितलंच नाही. ती गळा बघत होती. गळ्याशी घट्ट बसलेली मण्यांची माळ होती. लांब तान घ्यायची तर आधी गळ्याची खळी आत जाते, मग मान भरते, आणि माळ चढते-उतरते. गाणाऱ्याला ते लपवता येत नाही. ओठ खोटं बोलतील, गळा नाही.

तान सुरू झाली. पोर मान कलती करून हसत होती. माळ जागची हलली नाही.

"मागं घे."

मागं घेतलं. माळ हलली नाही.

"अजून एकदा." तिचा आवाज बारीक झाला होता.

अजून एकदा. मणीसुद्धा थरथरला नाही. एवढी मोठी तान घेऊन गालाला खळी पाडत कुणी हसू शकतं का? हसणारी गातच नव्हती.

"धाकटीच," ती म्हणाली. "लिही. गळा धाकटीचा."

भाची मावशीसमोर येऊन बसली. मग म्हणाली, "माझी शपथ घेऊन सांग."

"तुझ्या आईची घेते. दया नाही गं केली. माळेनं सांगितलं."

तो माणूस पेन उघडून थबकला. "मग बाई, तुमच्या नावापुढं काय लिहू? इतकी वर्षं सगळे तुम्हाला..."

"मलाच विचार म्हणजे झालं!" ती हसली, पण हसू अर्ध्यात सांडलं. धाकटीनं त्या दिवशी हात दाबला, तेव्हा तिनं आपला गळा ओळखला नव्हता, की ओळखून सोडून दिला होता? आणि ते सैनिक, ते कुणासाठी रडले? एका प्रश्नाची गाठ सुटली तर दोन नव्या बसल्या. विचारावं तर धाकटी नाही, दिग्दर्शक नाही, कुणीच नाही.

भाचीनं उठून आवाज मोठा केला. गाणं खोलीभर झालं. ती पडद्याच्या अगदी जवळ जाऊन जमिनीवर बसली.

"आई कुठं उभी होती गं? या बाजूला, की त्या?"

"बाजूला कुठली? माईक एकच होता, माझ्या डोक्यावर. लांबून आवाज बारीक येई. म्हणून तिला माझ्या मागंच..." हाकवालीचं बोट पडद्याकडं गेलं आणि थांबलं. "ते पुठ्ठ्याचं झुडूप दिसतंय ना? त्याच्यामागं बसली होती. गुडघे पोटाशी घेऊन."

"म्हणजे आत्ता, इथं, या पानांमागं?"

"हो गं. तिथंच."

भाचीनं पडद्यावरच्या झुडपावर हात ठेवला. पुढं उभ्या असलेल्या नायिकेकडं तिचं लक्षही नव्हतं. आणि हाकवालीनं, स्वतःचा चेहरा सोडून, पहिल्यांदाच त्या पानांकडं बघितलं. रंगवलेली पानं. काही हलत होतं का मागं? की डोळ्यांत पाणी आल्यामुळं तसं वाटत होतं? तिला काही कळेना.