तणस

"आता तिसरा टाक. आन् दाब पाय."

टिकेशने तिसरा गिअर टाकला. व्हॅनने जरा वेग घेतला आणि मागून कुणी शर्ट धरून ओढावं तसा हिसका बसला. मग आणखी एक. शेजारी बसलेल्या ईश्वरदास मेकॅनिकच्या तोंडातलं पान त्याच्याच पँटवर उडालं.

"हे गाडी होय का हल्या बे?"

"कवाचा तेच सांगून राहिलो, भाऊ. प्लग बदलवले, कार्बोरेटर साफ केला, पेट्रोलची जाळी धुतली."

"कोनं केलं हे सारं?"

"मीच."

"मंग बरोबर," ईश्वरदास पँट पुसत म्हणाला. "चाल, घे वापस. उभ्या गाडीत काईच नाई, ओढाले लागली का नखरे. तुया सासऱ्यानं देल्ली का बे हे?"

टिकेश हसला नाही. ईश्वरदासनेही पुढे छेडलं नाही. तिरोड्यात दोघांची ओळख जुनी होती.

आज सकाळीच शेजारचे हुकुमचंद काका अंगणात येऊन उभे राहिले होते. त्यांच्या सुनेला, ओमेश्वरीला, उद्या गोंदियाला न्यायचं होतं. डॉक्टरने सिझर सांगितलं होतं. "पन तुई गाडी झटके मारून राहिली मनते. पोटुशा बाईले हिसके लागले तं? नसंन जमत तं सांग, मी तिरोड्याहून दुसरी पायतो."

'नाई जमत' हे दोन शब्द टिकेशच्या जिभेवर आले होते. त्यात दुःख नव्हतं, काहीच नव्हतं. तेवढ्यात दारातून रविता बोलली, "नेतीन. आज दुरुस्त करून आनतीन ते." पौषापासून त्याच्या बायकोने कुणासमोर एवढं बोललेलं त्याने ऐकलं नव्हतं. म्हणून तो इथे आला होता.

दुकानात आल्यावर ईश्वरदासने पुढची सीट उचलली. या गाडीचं इंजिन तिच्याच खाली असतं. "चालू ठेव," म्हणून त्याने एक जाड ताडपत्री डोक्यावरून ओढली आणि अंधार करून आत वाकला. बराच वेळ त्याचं नुसतं बूड दिसत होतं.

"ये. डोस्कं घाल इकडं."

टिकेशने ताडपत्रीत डोकं घातलं. काळोखात प्लगच्या वायरीवरून एक बारीक निळी ठिणगी इंजिनच्या लोखंडावर उडत होती. टिक, टिक, टिक.

"हे पाय. करंट प्लगमंदी जाईनच कसा? लोड आला का इथूनच पयते. वायर कुरतडली उंदरानं." त्याने हाताने चाचपून काळ्या लेंड्या बाहेर काढल्या. "गाडीत धान भरतेस का?"

"पोते असतात कधी कधी. भाजीबी."

"पोत्यावर उंदीर राहत नाई. घर असंन याचं इथंच कुठंतरी." त्याने मागचं दार सरकवलं. "मागची सीट कुठं गेली बे?"

"घरी हाय."

दोन्ही बाजूंना रिकामी पोती रचलेली होती. मधे एक गोधडी पसरलेली होती. ईश्वरदासने तिचं टोक उचललं. खाली भाताचं तणस होतं, पेंढा. जुनं, दबलेलं, मधे खोलगट. कडेला ते बारीक कुरतडून वाटीसारखं केलं होतं आणि त्या वाटीत उंदराची पिल्लं होती. गुलाबी, डोळे मिटलेली, एकमेकांवर चढलेली.

"गाडीत कायले रे तणस...?" असं म्हणता म्हणता ईश्वरदास थांबला. त्याने गोधडीचं टोक हळूच खाली ठेवलं.

पौषात रविताला कळा सुरू झाल्या तेव्हा रस्ता पूर्ण खोदलेला होता. टिकेशच्या आईने, रामबाईने, सीट काढायला लावून ढिगातलं ताजं तणस गाडीत पसरलं होतं, वर गोधडी. सुनेला हिसका लागू नये म्हणून. हिसका लागला नाही. टिकेशने गाडी पाण्यावरून नाव न्यावी तशी नेली. दवाखान्यात पोरगी झाली, पण रडली नाही.

त्यानंतर त्याने माणसं नेलीच नाहीत. पोती दोन्ही बाजूंना लावायचा. मधे कधी काही ठेवलं नाही.

"वायर मी टाकतो नवी," ईश्वरदास म्हणाला. "पन तणस राहिलं तं उंदीर आठवडाभरात हेबी खाईन." मग जरा खालच्या आवाजात, "तूच काढ. मी चहा सांगून येतो."

टिकेशने ती वाटी आधी काढली. दोन्ही हातांत धरून दुकानामागच्या बेशरमीच्या झाडीत खाली ठेवली, वर थोडं तणस पसरलं. मग बाकीचं कवळ्याकवळ्याने काढलं. गाडीचा पत्रा उघडा पडला. त्याला वाटलं होतं काहीतरी होईल. काही झालं नाही. चहा आला, तो त्याने पिऊन टाकला.

संध्याकाळी तो घरी पोचला तेव्हा रविता अंगणात होती.

"काय होतं?"

"उंदरानं वायर कुरतडली होती."

तिने मागच्या दारातून आत पाहिलं. मग पडवीत गेली, भिंतीशी टेकवलेल्या सीटचं एक टोक धरलं आणि त्याची वाट पाहत उभी राहिली. दोघांनी मिळून सीट आणली. त्याने बोल्ट आवळले.

"मी बसून पायतो," रविता म्हणाली. "उद्या ओमेश्वरी बसनार हाय, आधी मी पायतो."

गावाबाहेर डांबरी लागल्यावर त्याने तिसरा टाकला आणि पाय दाबला. गाडी सरळ, गुळगुळीत निघाली. दोन्ही बाजूंना कापलेल्या धानाच्या बांध्या मागे जात होत्या.

"लागला का हिसका?" त्याने विचारलं.

"नाई."

त्याने आरशात पाहिलं. रविता खिडकीबाहेर पाहत होती. तिचा उजवा हात शेजारच्या रिकाम्या सीटवर आडवा, हलकेच दाबून ठेवलेला होता. वळणावर काही घरंगळू नये, असा.

त्याने गाडी वळवली नाही. पुढच्या गावापर्यंत तशीच चालवत राहिला.