खोल खिसे

शिंप्याच्या दुकानात एक नियम होता: एकाचं माप दुसऱ्याला सांगायचं नाही. एखादा नवरा बायकोला चकित करायचं म्हणून माप विचारायला आला, तरी हा ढिम्म. ‘त्यांनाच घेऊन या,’ एवढंच म्हणायचा. गिऱ्हाईक तोंड वाकडं करून निघून जायचं. मागच्या बाजूला काजं-बटणं करत बसलेली बायको वैतागायची. “अहो, कमरेचं माप म्हणजे काय तिजोरीची किल्ली आहे का?” पण एवढ्या एका गोष्टीत माणूस हट्टी. बाकी सगळीकडे मऊ, आणि थोरल्या बहिणीपुढे, ताईपुढे, तर मेणाहून मऊ.

असा हा माणूस स्वतःच्या मुलीचं माप फोनवर सांगून बसला.

झालं असं, की मुलीला दोन विद्यापीठांत प्रवेश मिळाला. तिला पूल बांधायचे होते. लहानपणापासून पट्ट्या, दोरे, आगपेटीतल्या काड्या जमवून ती खिशात कोंबायची, म्हणून घरात तिचं नाव पडलं खारू. राज्यातलं विद्यापीठ घरापासून बसने तासाभरावर. फी अशी, की दोन शिलाई मशीनं चालू राहिली तर भागेल. दुसरं परराज्यातलं. तिथे मोठं नाव, मोठी प्रयोगशाळा, आणि बाहेरच्या मुलांना फी तिप्पट. शिंप्याच्या दृष्टीने विषय तिथेच संपला होता. खारूनेही तो संपल्यासारखं दाखवलं, पण जेवताना ताटात बोट फिरवत पुलाच्या कमानी काढायची, ते त्याला दिसत होतं.

तेवढ्यात ताईचा फोन आला. ताई त्या परराज्यातल्या शहरात राहायची, विद्यापीठापासून चालत जाण्याच्या अंतरावर. “फी मी भरते. राहायला माझं घर आहे. पोरीची खोली रिकामीच पडलीय.”

शिंप्याला भरून आलं. आईवडील गेल्यावर ताईनेच त्याला वाढवलं होतं. सुई हातात दिली तिने, पहिलं मशीन घेऊन दिलं तिने. तिच्या शब्दाबाहेर तो आयुष्यात गेला नव्हता. त्यामुळे ती पुढे सहज म्हणाली, “खारूचं माप सांगून ठेव रे, तिच्यासाठी कपडे तयार ठेवते,” तेव्हा त्याने गळ्यातल्या टेपला नुसता हात लावला आणि सगळं सांगून टाकलं. खांदा, छाती, कंबर, उंची. पाठच होतं.

फोन ठेवल्यावर बायको म्हणाली, “तुमची भाची त्याच घरातून अंगावरच्या कपड्यांनिशी निघून गेली. का, ते तुम्ही एकदा तरी विचारलंत?”

“पोर तापट होती. ताई म्हणाली ना.”

“ताई म्हणाली.” बायकोने दोरा दातांनी तोडला.

घर आणि विद्यापीठ एकदा पाहून यावं म्हणून बापलेक तिकडे गेले. आधी विद्यापीठ पाहिलं. तिथल्या एका प्रचंड दालनात मुलांनी बांधलेले छोटे पूल यंत्राखाली ठेवून मोडत होते. वजन हळूहळू वाढायचं, काही वेळ काहीच व्हायचं नाही, आणि मग एकदम कडकन् आवाज यायचा. “बाबा, मुद्दाम मोडतात. कुठे मोडतो ते कळायला,” खारू म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता, की शिंप्याला लाज वाटली. आपण हिला तासाभरावरच्या बसमध्ये कोंबणार होतो.

मग ताईचं घर. लख्ख, शांत. टेबलावर चहा तयार, जणू दोघं कोपऱ्यावर वळताना ती पाहत होती. पाहतच असणार, तिची खुर्ची खिडकीशी होती आणि तिथून अख्खा रस्ता दिसत होता. दोघं आत येताच ताईने दाराला कुलूप घातलं आणि किल्ली मुठीत ठेवली.

“आत्या, मला एक किल्ली देशील ना? तिथले तास संध्याकाळपर्यंत चालतात,” खारूने विचारलं.

“तुला कशाला किल्ली? मी असतेच की घरी.” ताईने तिच्या केसांवरून हात फिरवला. “जा, खोली बघ. आणि तो निळा ड्रेस घालून दाखव मला. पलंगावर काढून ठेवलाय.”

खारू पलंगावरचा ड्रेस उचलून न्हाणीघरात गेली. शिंपी खोलीत एकटा उरला. त्याने कपाट उघडलं आणि आपलंच काम ओळखलं. सगळे ड्रेस भाचीचे होते, त्यानेच शिवलेले. भाची खारूपेक्षा उंच आणि अंगाने भरलेली. आता प्रत्येक कंबर आत घेतलेली होती, प्रत्येक घेर वर दुमडलेला. नवीन टाका बारीक, दुहेरी, एकसारखा. तो टाका तो डोळे मिटून ओळखू शकला असता, कारण त्यावरूनच तो शिवायला शिकला होता. आणि माप? ते अचूक होतं. होणारच, सांगितलं कोणी?

त्याने स्वतःची समजूत घातली. कापड चांगलं आहे, वाया कशाला घालवायचं, ताई पहिल्यापासून काटकसरी. एवढ्यात त्याचा हात सवयीने एका खिशाकडे गेला आणि आत शिरेना.

खिसा शिवून टाकला होता. त्याने दुसरा पाहिला. तिसरा पाहिला. सगळे.

भाची शेवटची त्याच्याकडे आली होती ती शिवण घेऊन. “मामा, खिसे खोल कर. बाहेरून कळणार नाहीत असे,” म्हणाली होती. तो हसला होता. काय लपवायचंय गं एवढं, म्हणून चेष्टाही केली होती. ती हसली नव्हती. खिशांवरचा हा दोरा विटून गेला होता. म्हणजे ही शिवण खारूसाठी घातलेली नव्हतीच, ती जुनी होती. भाची याच कपड्यांत या घरात वावरली होती.

त्याने खिशातली लहान कात्री काढली आणि पहिला टाका उसवला.

“उसव, उसव.” ताई दारात उभी होती. आवाजात राग नव्हता. लहानपणी त्याचा वाकडा टाका पाहून बोलायची, तसंच बोलत होती. “मी परत घालीन. मला काय वेळ लागतो? शिवायला तुला शिकवलं कोणी?”

“ताई, पोरीला खिसा नको?”

“खिशात काय ठेवायचंय तिने? जे लागेल ते मी देईन. एकीला मोकळं सोडून बघितलं ना. गेली.” तिने कपाटाचं दार हलकेच लोटलं. “ही नाही जायची.”

तेवढ्यात खारू बाहेर आली. निळा ड्रेस अंगावर असा बसला होता, की पाहणाऱ्याने शिंप्याचं नाव विचारावं. “बाबा, बघा, मापातच आहे एकदम,” म्हणत तिने हात खाली नेले. हात अडले. तिने खाली पाहिलं, जराशी हसली. “खिसे शिवलेत वाटतं. चालेल, उसवता येतील.”

आयुष्यात ताईला कधी न म्हटलेला शब्द शिंप्याला म्हणायचा होता.

“नाही,” तो म्हणाला. “काढ तो ड्रेस. आपण घरी जातोय. तू आपल्याकडच्या विद्यापीठात शिकशील.”

खारू पाहतच राहिली. ताईने मूठ उघडली, कुलूप काढलं आणि शांतपणे म्हणाली, “पुढच्या वर्षीही घेतात म्हणे बाहेरच्या मुलांना. मला घाई नाही.”

परतीच्या प्रवासात त्याने सगळं सांगितलं. खिसे, भाची, किल्ली. खारूने खिडकीबाहेरून नजर हलवली नाही. “शिवलेल्या खिशांपायी, बाबा?” एवढंच ती बोलली. ऐकायला ते एवढंसंच होतं.

ती राज्यातल्या विद्यापीठात जाऊ लागली. तिथे पूल मोडायचं यंत्र बंद पडलेलं होतं, पूल फळ्यावरच मोडायचे. ती घरी येई, जेवे, झोपे. तिचे खिसे रिकामे राहू लागले, हे आधी बायकोच्या लक्षात आलं. शिंपी म्हणाला, होईल सवय. पण मनातून तो घाबरला होता, आणि ताईचा फोन येत नाही म्हणून त्याला बरं वाटण्याऐवजी जास्तच भीती वाटत होती.

एका संध्याकाळी गिऱ्हाईकाचा खांदा मोजायला त्याने गळ्याकडे हात नेला, तर टेप नव्हती. मशीनवर नव्हती, टेबलावर नव्हती. माप घ्यायच्या जागेचा पडदा ओढलेला होता. पडद्याखाली खारूची पावलं दिसत होती.

“कंबर थोडी कमी झालीय, आत्या,” ती फोनवर हळू आवाजात सांगत होती. “बाकी तेच आहे. लिहून घे.”