हो की नाही

एकतीस वर्षं टीव्हीवर बातम्या दिल्यावर ताई येत्या शुक्रवारी निवृत्त होणार होत्या. निरोपाच्या कार्यक्रमासाठी त्यांच्या गाजलेल्या मुलाखतींचे तुकडे जोडायचं काम चाललं होतं. संकलकाने पहिलाच तुकडा लावला तो पाणीपुरवठ्याच्या अभियंत्यांचा. दूषित पाण्याने शहरात माणसं आजारी पडली होती, आणि ताईंनी त्यांना थेट प्रक्षेपणात धारेवर धरलं होतं.

“शुद्धीकरण बंद होतं, हे तुम्हाला ठाऊक होतं. हो की नाही?”

अभियंते मुळातच अडखळत बोलणारे. “त्याचं असं आहे... मी व-वरिष्ठांना...”

“हो की नाही?”

त्यांनी मान खाली घातली. त्या मुलाखतीने ताईंना पुरस्कार मिळवून दिला. वर्षभराने चौकशीत निघालं, की अभियंत्यांनी तीनदा लेखी इशारा दिला होता. वरिष्ठांनी तो दाबून ठेवला. ही बातमी दुपारच्या बातम्यांत दुसऱ्याच कुणीतरी वाचली. ताई सुट्टीवर होत्या. सुट्टी पुढे ढकलता आली असती, पण ढकलली नव्हती.

“हा काढ,” त्या म्हणाल्या.

“ताई, हा तर आपला हुकमी एक्का!”

“काढ म्हटलं ना.”

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या अभियंत्यांच्या घरी गेल्या. दार त्यांच्या पत्नीने उघडलं. “ओळखलं तुम्हाला,” एवढंच म्हणून त्या बाजूला झाल्या. ‘बसा’ म्हणाल्या नाहीत.

अभियंते खिडकीशी बिघडलेला मिक्सर उघडून बसले होते. ताईंनी वाटेत चार वाक्यं जुळवली होती. ऐनवेळी एकच निघालं. “माझं चुकलं.”

उत्तराला बराच वेळ लागला. या वेळी ताई थांबल्या.

“घ-घरी येऊन सांगून काय होणार? मला ठाऊकच आहे ते. मुलीचं जमलेलं लग्न मोडलं. ती मंडळी तुमच्या बातम्या बघायची. त्यांना सांगा.”

“सांगेन. शुक्रवारीच.”

शुक्रवारी बातम्या संपत आल्या. काचेपलीकडे वाहिनीचे मालक पुष्पगुच्छ घेऊन उभे होते, शेजारी ताईंचे यजमान आणि नातवंडं. कानात निर्मात्याचा आवाज आला, “ताई, चाळीस सेकंद. हसतमुखाने निरोप घ्या.”

माफीचं वाक्य तोंडपाठ होतं. ताईंनी मेकअपवाल्या मावशींचे आभार मानले, कॅमेरावाल्यांचे मानले, प्रेक्षकांचे मानले. नातू काचेला नाक लावून हात हलवत होता. त्या हसल्या, “नमस्कार” म्हणाल्या, आणि दिवे मंदावले. टाळ्यांचा कडकडाट झाला.

घरी आल्यावर त्यांनी घड्याळ लावून ते वाक्य मोठ्याने म्हणून पाहिलं. चौदा सेकंद.

महिनाभर त्यांना चैन पडेना. शेवटी त्यांनी सगळं लिहून काढलं, अभियंत्यांचं नाव, तिन्ही इशारे, स्वतःची चूक, आणि एका वर्तमानपत्राकडे पाठवलं. ते आतल्या पानावर, जाहिरातीखाली छापून आलं. त्याच सकाळी ताईंनी एक अंक अभियंत्यांच्या घरी पाठवला.

दुपारी अभियंत्यांच्या पत्नीचा फोन आला.

“वाचलं ह्यांनी. दोनदा वाचलं.”

“काय म्हणाले?”

“काही नाही. कात्रण काढून ठेवलंय. आमच्या इमारतीत हा पेपर कुणी घेत नाही हो.”