सतरा नंबरची बाटली

ते एक कपाट बाईंनी मुद्दामच शेवटी ठेवलं होतं. निवृत्तीला चार दिवस उरले होते आणि शुक्रवारी प्रयोगशाळेची किल्ली परत करायची होती. इतक्या वर्षांचा संसार खोक्यांत गेला होता. काचेची भांडी, तराजू, विद्यार्थ्यांचे प्रबंध. उरलं हे कपाट, त्यातली एक जुनी वही आणि मागच्या कोपऱ्यातली झाकण घट्ट लावलेली तपकिरी बाटली. तिच्यावरच्या चिठ्ठीवर घारीचं अक्षर होतं.

घारी म्हणजे बाईंची एकतीस वर्षांपूर्वीची जोडीदारीण. डोळे घारे, म्हणून तिला सगळे घारीच म्हणत. दोघींत मिळून एक टेबल, एक पंखा आणि बहुतेक वेळा एकच डबा. घारीचा हात मोकळा, जीभ त्याहून मोकळी. बाई तेव्हाही मोजूनमापून बोलायच्या. ‘मास्तरीण’ हे नाव त्यांना घारीने ठेवलं होतं, शिकवायला लागायच्या कितीतरी आधी.

काम तसं साधं होतं. गोल बुडाच्या चंबूत चरबीचा पातळ थर वाळवायचा, मग त्यात पाणी घालून घोळवायचं. थर सुटतो, आपसूक मिटतो आणि त्याच्या दुहेरी भिंतीच्या इवल्याइवल्या पिशव्या होतात. त्या डोळ्यांना दिसत नाहीत. दिसतं ते निळसर दुधाळ पाणी. घारी त्यात स्वतः बनवलेला पॉलिमर घालायची. तो पाण्यात विरघळणारा लांबच लांब धागा, पण तिने त्याला जागोजागी तेलकट शेपट्या जोडलेल्या. त्या शेपट्यांना पाण्याचं वावडं.

“सासरी जीव रमत नाही त्यांचा,” घारी म्हणायची. “माहेर शोधत फिरतात.”

एका सकाळी बाईंनी नमुन्यांच्या रांगेतली सतरा नंबरची बाटली उलटी केली, तर आतलं हललंच नाही. पाण्यासारखं खाली यायला हवं ते बुडाला धरून वरच राहिलं.

काही अनपेक्षित दिसलं की पहिला आळ भांडी धुणाऱ्यावर, ही प्रयोगशाळेतली जुनी खोड. बाई म्हणाल्या, “साबण राहिलाय. नीट धुतली नाहीस.”

“तीनदा धुतलीये. राहू दे ती. उद्या बघू.”

“घाणीत काय बघायचंय?”

साबणाने पिशव्या विरघळतात, थिजत नाहीत, हे बाईंना तेव्हाही पाठ होतं. तरी त्यांनी बाटली बेसिनमध्ये रिकामी केली. ओतता येईना म्हणून काचेच्या कांडीने खरवडून काढली, तेव्हाही डोक्यात प्रकाश पडला नाही. वहीत लिहिलं : ‘बाटली अस्वच्छ. नमुना टाकून दिला.’ खाली सही.

दोन महिन्यांनी घारीने रंगाच्या कारखान्यात नोकरी धरली. वडील अंथरुणाला खिळलेत, पगार हवा, म्हणाली. बाईंनी तेवढंच कारण धरून ठेवलं. ते सोयीचं होतं.

सात वर्षांनी दूरच्या कुणीतरी शोधनिबंधात तेच छापलं. शेपट्या पिशव्यांच्या भिंतींत शिरतात, एकाच धाग्याची एक शेपटी या पिशवीत, दुसरी त्या पिशवीत. जाळं विणलं जातं आणि सगळं पाणी जागच्या जागी थांबतं. बाईंनी हा धडा दरवर्षी शिकवला. घारीचं नाव एकदाही घेतलं नाही.

बुधवारी त्यांनी फोन केला. “येतेस? सामान आवरायचंय.”

“लग्नपत्रिकेशिवाय कधी आठवण नाही, आणि ओझी उचलायला मी होय?” घारी म्हणाली. पण आली. सुनेने दारापर्यंत सोडलं. गुडघे धरत ती जुन्या स्टुलावर बसली.

“अजून डुगडुगतंय हे.”

बाईंनी चंबूतलं दुधाळ पाणी तयारच ठेवलं होतं. सीलबंद खोकं घारीसमोर फोडून दोन कोऱ्या बाटल्या काढल्या. एकीत बिनशेपट्यांचा साधा पॉलिमर घातला, दुसरीत तपकिरी बाटलीतली घारीच्या पॉलिमरची पूड विरघळवून. घारीने स्वतःचं अक्षर ओळखलं.

चहा होईपर्यंत दोघी थांबल्या. मग बाईंनी पहिली बाटली उलटी केली. पाणी झरकन खाली आलं. दुसरी हातात घेतली आणि हात तिथेच अडला.

“कर की उलटी. की इथेच म्हातारी होऊ? झालेच आहे म्हणा.”

बाईंनी उलटी केली. आतलं वरच राहिलं, घट्ट, निळसर.

“बाटली स्वच्छ होती,” बाई म्हणाल्या.

“मला माहीत होतं की.”

“मलाही. चोवीस वर्षं. सांगितलं नाही.”

घारीने काचेवर नख वाजवलं. “कारखान्यात पहिल्याच महिन्यात मी रंगात असल्याच शेपट्या घातल्या,” ती म्हणाली. “त्यांनी रंगाचे कण धरून ठेवले. भिंतीवरून ओघळणं थांबलं. साहेबाने पाठ थोपटली. आणि मला वाटलं, हे मास्तरणीला दाखवायला हवं. मग तुझा आणखीच राग आला.”

बाईंनी वही उघडली. या वहीत खोडायचं नाही, असा नियम होता. चुकीवर एकच रेघ मारायची, खालचं वाचता येईल अशी. शेजारी दुरुस्ती, तारीख आणि दोन सह्या. ‘बाटली अस्वच्छ’वर त्यांनी रेघ मारली. लिहिलं : ‘बाटली स्वच्छ होती. नमुना थिजला तो पॉलिमरमुळे.’ आणि वही पुढे सरकवली.

“इथे सही कर. साक्षीदार म्हणून.”

घारीने चष्मा लावला. पेन कागदावर टेकवलं आणि उचललं. “साक्षीदार? म्हणजे मी गंमत बघायला उभी होते?”

तिने पेन शेजारच्या रकान्यात नेलं. वर छापलं होतं, ‘प्रयोगकर्ता’. तिथे तिने सावकाश, पूर्ण नावाने सही केली. मग साक्षीदाराच्या रकान्यावर बोट ठेवून पेन बाईंच्या हातात दिलं.

“ही जागा तुझी.”

बाईंनी सही केली.