डाव्या हाताची रेघ

स्वीडनमधल्या माल्मोच्या एका व्हिडिओ-गेम स्टुडिओत ट्यूराचं काम म्हणजे निस्तरायचं काम. अंगभर चमकते ठिपके चिकटवलेले नट मोकळ्या हॉलमध्ये धावत, पडत, मरत. भोवतीचे चाळीस कॅमेरे फक्त ठिपके टिपत. त्या ठिपक्यांचा पडद्यावर एक करडा, बिनचेहऱ्याचा माणूस उभा राही, आणि त्याच्या हालचालीतले धक्के काढून त्याला सरळ करायचं ते ट्यूराने. मग त्याच्यावर कोणी राजाचं कातडं चढवी, कोणी राक्षसाचं. चेहरे शंभर, पण चाल बहुतेकदा सिक्स्टेन नावाच्या एकट्या नटाची. अठ्ठावन्नाव्या वर्षीही त्याच्यासारखं चालणारं कुणी नव्हतं.

मंगळवारी पडद्यावर त्याच्या डाव्या हाताच्या हालचालीची रेघ थरथरत होती. कॅमेऱ्याची चूक असली की रेघ वेडीवाकडी उडते. ही एकसारखी होती, सेकंदाला पाच वेळा, आणि तीही हात स्वस्थ असताना. ट्यूराने त्याची सहा वर्षांपूर्वीची चाल काढून शेजारी लावली. जुन्या चालीत डावा हात झोकात पुढेमागे होत होता. नव्या चालीत तो अंगाला चिकटून होता.

तिच्या वडिलांचं असंच सुरू झालं होतं. घरात ते लक्षात यायला दोन वर्षं गेली, आणि ती दोन वर्षं तिच्या जिवाला अजून डाचत होती.

एक कळ दाबली की थरथर गेली असती आणि कुणाला पत्ताही लागला नसता. तिने कळ दाबली नाही, आणि त्याला सांगितलंही नाही. आपण काय डॉक्टर आहोत? वरच्यांच्या कानावर गेलं तर त्याचं काम जाईल. भित्रेपणाला कारणं पैशाला पासरी मिळतात.

गुरुवारी कॉफीच्या वेळी सिक्स्टेन स्वतःच वेलदोड्याचे दोन बन घेऊन तिच्या खोलीत आला.

"काय गं, दोन दिवस तोंड चुकवतेस. माझा राजा इतका वाईट चालतो?"

"राजा चांगला चालतो." तिने स्क्रीन त्याच्याकडे वळवली. "पण हा तुझा डावा हात बघ. सिक्स्टेन, तू डॉक्टरकडे जा."

त्याने वाकून ती रेघ पाहिली.

"जाऊन आलो. जानेवारीतच. पार्किन्सन." त्याने बनचा तुकडा मोडला. "बायको म्हणते, कामावर सांगून टाक. माझी छाती होत नाही. चालण्याशिवाय मला येतं काय?"

ट्यूराने कळेवर बोट ठेवलं. "थरथर मी काढून टाकते. सांगायचं तेव्हा तू सांग."

"काढ." त्याने शेजारच्या आकृतीकडे बोट केलं. "आणि हा शहाणा कोण?"

"तूच. सहा वर्षांपूर्वीचा."

"तो देतेस मला? व्यायाम शिकवणारी बाई म्हणते, हात मुद्दाम हलवत चाल, आरशात बघून. आता आरशातला माणूसही हात अंगाला धरूनच चालतो, त्याच्याकडून काय शिकू?"

हॉल रिकामा होता. तिने भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर जुनी चाल लावली. आजवर साऱ्या राजा-राक्षसांना चाल पुरवलेला सिक्स्टेन त्या करड्या माणसाच्या बाजूने, त्याच्या पावलाला पाऊल जुळवत चालू लागला. तिसऱ्या फेरीला डावा हात जरासा सुटला.

"थोडं हळू कर," तो धापा टाकत म्हणाला. "पोरगं फार भरभर चालतंय."